वा चोंगच्या गॅरेजातला कायदा

पाकू खांग हिच्या उमेदवारीतला पहिला अडथळा असा निघाला की तिने नदी ओलांडलेली नव्हती.

"मेकाँग," पक्षाच्या कचेरीतली मेरेडिथ म्हणाली. "दोन वाक्यांत. रात्र, गोळीबार, पाठीला बांधलेलं मूल. लोकांना तुमच्यापर्यंत पोचायला काहीतरी वाट लागते."

"माझा जन्म इथलाच. युनिव्हर्सिटी अव्हेन्यूजवळच्या इस्पितळातला. रात्र होती, तेवढं खरं आहे."

"मग तुमच्या आईची नदी सांगा."

"आईनं ओलांडली, लाओसमधून पळून येताना, पण ती उमेदवार नाही. आणि ती त्याबद्दल बोलत नाही. आम्हालाही नाही सांगत."

मेरेडिथने सहानुभूतीने मान हलवली. ती मनाने चांगली होती, आणि अडचण तिथेच होती. स्वतःच्या चांगुलपणाची एकदा खात्री पटली की माणसाला दुसऱ्याचं ऐकून घेण्याची निकड उरत नाही. तिच्या भिंतीवर जगातल्या झाडून सगळ्या पेहरावांतल्या बायकांचं एक चित्र होतं. त्यातली ह्मोंग बाई चांदीच्या हारांनी लगडलेली होती आणि कुठेही निघालेली दिसत नव्हती.

सेंट पॉलच्या पूर्व भागातली विधिमंडळाची जागा त्या वसंतात रिकामी झाली होती. सात निवडणुका ती सांभाळलेले वृद्ध सदस्य आता उत्तरेकडच्या एका तळ्यावर मासे धरणार होते. विधिमंडळातही ते बहुधा हेच करत, फक्त तिथे गळ दिसत नसे. या भागात पक्षाचं तिकीट मिळालं की निवडणूक हा उपचार. तिकीट द्यायचं ते एप्रिलमधल्या मेळाव्यात, प्रतिनिधींच्या मतांनी, आणि प्रतिनिधींतले निम्मे ह्मोंग, म्हणजे लाओसच्या डोंगरांतून युद्धानंतर इथे आलेल्या निर्वासितांच्या घरचे. इच्छुक दोन होते: पाकू खांग आणि तौ गेर खांग.

तौ गेर विमा विकत असे. त्याच्या पत्रकावर तीन प्राधान्यं होती: शिक्षण, आरोग्य, संधी. या तीन गोष्टींचा उघड शत्रू पृथ्वीवर अद्याप सापडलेला नाही, त्यामुळे त्यांच्या बाजूने लढताना जखम होण्याचं भय नसतं. पाकूच्या पत्रकावरही शिक्षण होतं, आरोग्य होतं. जगाशी इतपत जुळवून तीही घेत असे. पण त्या दोहोंच्या वर, पहिल्या क्रमांकावर, एक ओळ होती. ज्या मध्यस्थांनी रीतीचं लग्न लावलं त्यांनी ते लिहून द्यावं: कोणाचं, कधी, वधूचं वय काय, तिची मर्जी होती की नव्हती; आणि ते लिखाण कोर्टाने मानावं.

"ही ओळ जरा खाली घेता येईल का?" मेरेडिथने विचारलं. "म्हणजे, सहाव्या-सातव्या क्रमांकावर?"

"प्राधान्यं तीनच छापलीत."

"तेच म्हणतेय मी. कसं आहे, पक्ष कुठल्याही संस्कृतीबद्दल मत देत नाही. आम्ही आदर करतो. तुमच्याकडच्या विवाहपद्धतीत बाहेरून ढवळाढवळ केल्यासारखं दिसेल."

"मी बाहेरची आहे?"

"तुम्ही नाही हो. आम्ही."

"मग तुम्ही नका करू. मी करते."

मेरेडिथ हसली. हा विनोद आहे असं तिने ठरवून टाकलं होतं.

पाकू घरी आली तेव्हा तळघरात दिवा होता. तिथे तिची थोरली बहीण येर राहत होती आणि या घडीला दुसऱ्याच्या घरातल्या टॉवेलांच्या घड्या घालत होती. येरचं लग्न रीतीने लागलं होतं. दोन्ही बाजूंचे मध्यस्थ, पट्ट्यापट्ट्यांच्या कापडात गुंडाळलेली काळी छत्री, वधूसाठी सासरने द्यायची ठरलेली चांदी, दोन दिवसांच्या पंगती, कशात म्हणून उणं नव्हतं. कोर्टाचा कागद तेवढा कोणी केला नाही, कारण कोणाला सुचलाच नाही. रीत चोवीस वर्षं पुरली. मग येरचा नवरा लाओसला सहलीला गेला आणि येताना जी आठवण घेऊन आला ती एकोणीस वर्षांची होती. घर त्याच्या नावावर होतं. त्याने वकिलातर्फे कळवलं की सदर बाई आपल्याकडे राहत असे, परंतु ती आपली पत्नी कधीही नव्हती. चार मुलं सदर बाईला बहुधा पोस्टाने आली असावीत.

येरच्या वकिलाने उपाय सांगितला होता. लग्न लागलं आणि ही बाई स्वतःला प्रामाणिकपणे पत्नी समजत होती, एवढं कोणीतरी लिहून दिलं तर न्यायाधीश तिला घरातला वाटा देऊ शकतात. नवऱ्याकडचा मध्यस्थ केव्हाच वारला होता. येरच्या बाजूने छत्री बांधली होती ती वा चोंग खांग यांनी. ते कुळाच्या मंडळाचे अध्यक्ष आणि नात्याने दोघी बहिणींचे काका लागत. येर त्यांच्या दारी दोनदा जाऊन आली होती.

"आपली लग्नं कागदावर होत नाहीत, पोरी," ते म्हणाले होते. "शब्दावर होतात."

"मग कोर्टात शब्द द्या, काका."

"कोर्टात शब्द दिला की त्याचा कागद होतो. आज तुझा, उद्या आणखी कोणाचा. अशानं रीत राहते का?"

या उत्तरातली खुबी पाकूला पुष्कळ दिवसांनी उमगली. वा चोंग म्हणत, ही आमची रीत आहे, हात लावू नका. मेरेडिथ म्हणे, ही त्यांची रीत आहे, आम्ही हात लावत नाही. दोन टोकांची ही दोन माणसं आयुष्यात एकदाही भेटली नव्हती. तरीही इतकं निर्दोष मतैक्य दोन सख्ख्या भावांतसुद्धा आढळत नाही. आणि या दुहेरी आदराच्या भाराखाली जी बाई सापडली होती, ती तळघरात घड्या घालत होती.

"काय म्हणाली तुझी गोरी?" येरने विचारलं.

"तुझा आदर करते म्हणाली."

"बरं झालं. घर नाही तर नाही, आदर तर मिळाला." येरने आणखी एक टॉवेल उचलला. "जेवलीस का?"

दुसरा अडथळा कुळाने आणला. एकाच कुळाचे दोन उमेदवार म्हणजे भाऊ-बहीण एकाच ताटावर ओढाताण करतात असा देखावा. तो लाजिरवाणा होता आणि शिवाय मतंही फुटत होती, यांतलं जास्त लाजिरवाणं काय ते मंडळाने स्पष्ट केलं नाही. मंडळाचं काम सोपं होतं, कारण दोघांपैकी कोण माघार घेणार याचा निकाल आधीच लागलेला होता. आता फक्त त्याचं कारण शोधायचं होतं. वा चोंगना ते सापडलं. पाकूचं लग्न मुआ कुळातल्या चूशी झालेलं. ह्मोंग बाई लग्नानंतर नाव माहेरचंच ठेवते, पण देव सासरचे होतात. म्हणजे पाकू नावाने खांग असली तरी खांग नव्हती. खांगांची मतं मागण्याचा हक्क तिला नव्हता, आणि तिला आवरण्याची जबाबदारी मुआंची होती. यासाठी वा चोंगच्या गॅरेजात दोन्ही कुळांची बैठक बोलावली गेली.

अशा बैठकीत टेबलावर पुरुष बसतात. बाईचं म्हणणं तिच्या सासरचा वडीलधारा मांडतो. चाळीस हजार माणसांच्या वतीने बोलू पाहणाऱ्या पाकूच्या वतीने बोलायला चूचे चुलते न्हिया तोंग मुआ आले होते. त्यांनी तिला काय म्हणायचं आहे हे विचारलं नव्हतं. ते विचारणं म्हणजे तिच्या वतीने बोलण्याऐवजी तिलाच बोलू देण्यासारखं झालं असतं. पाकू स्वयंपाकघरात होती. गॅरेजात उतरणारं दार ताटं न्यायची म्हणून उघडं होतं आणि खाली बोललेलं सगळं वर ऐकू येत होतं. रीत बायकांना टेबलापासून दूर ठेवते. त्यांचे कान बंद करण्याची सोय तिच्यात नाही.

"विधिमंडळात जाणार म्हणे," वा चोंगच्या बायकोने, काकूने, तिच्यापुढे कोथिंबिरीची जुडी टाकली. "आधी ही नीट चीर."

"विधिमंडळात कोथिंबीर चिरायला लावत नाहीत, काकू."

"लावत असतील. तिथे तिला समिती म्हणत असतील."

खाली वा चोंगनी घसा साफ केला. "न्हिया तोंगभाऊ, पोरगी तुमची. तिला समजवा. आमच्या पोराच्या वाटेत ती उभी राहते हे बरं दिसत नाही."

"आमची कशी?" न्हिया तोंग म्हणाले. "रस्त्यानं येताना अंगणा-अंगणातल्या पाट्या बघत आलो. एवढ्या मोठ्या अक्षरांत खांग लिहिलंय. मुआ कुठं दिसलं नाही."

"बायका नाव बदलत नाहीत आपल्यात, तुम्हाला काय सांगायचं. छत्री तुमच्या घरात उघडली. तिचे देव तुमचे. मेली की ढोल तुमच्याकडे वाजणार."

"मेल्यावरचं मेल्यावर बघू, भाऊ. मतदानाला ती खांगच आहे. उद्या आमची म्हटली तर आम्हाला तिच्या मागं उभं राहावं लागेल. माणसं विचारतील, घरची सून सोडून दुसऱ्याला मत कसं देता?"

"मग तुमची नव्हे म्हणता?"

"नव्हे असं नाही. पण आत्ता नको."

टेबलाभोवती चू पेले भरत फिरत होता. जावयाचं काम तेच. आपली बायको कोणाची या प्रश्नावर त्याचं मत घ्यावं असं कोणाला सुचलं नाही, आणि तो शहाणा असल्यामुळे त्याने ते दिलंही नाही. एकदा ताटं न्यायला वर आला तेव्हा तो पाकूच्या कानाशी म्हणाला, "अजून निकाल नाही. तोवर माझ्याकडेच राहशील ना?"

"जेवण काय मिळतं त्यावर आहे," पाकू म्हणाली.

काकू मोहरीच्या पाल्यात शिजलेलं डुकराचं मांस वाडग्यांत वाढत होती. "माझ्या वेळी मला न्यायला दोन घरं भांडली होती," ती म्हणाली. "तुला नाकारायला भांडतायत. प्रगती प्रगती म्हणतात ती हीच असावी."

खाली तोडगा निघाला. मुआंनी पाकूला आपली मानावं. मात्र तिच्या मागे उभं राहण्याची सक्ती त्यांच्यावर नसावी, कारण कुळाच्या हितासाठी कुळाला आपल्या माणसाविरुद्धही जाता येतं. आणि ते हित ठळक दिसावं म्हणून तौ गेर निवडून आल्यावर मुआंच्या अंत्यविधीगृहाच्या वाहनतळासाठी सरकारी निधी मिळवून देईल. अशा रीतीने तौ गेरच्या प्राधान्यांत चौथं प्राधान्य आलं. शिक्षण, आरोग्य, संधी आणि वाहनतळ यांत ठोस असं तेवढंच होतं.

"मग ठरलं," वा चोंग म्हणाले. "शब्द झाला."

"काका, नुसता शब्द नको," तौ गेर म्हणाला. त्याचा आवाज विमा विकणाऱ्याचा होता, नुकसान झालं तर आपण आहोतच अशी ग्वाही देणारा. "मेळाव्यात प्रतिनिधी विचारतील, ही खांग नाही कशावरून? हातात काहीतरी दाखवायला लागतं. लिहून घेऊ. तिच्या लग्नातले दोन्ही मध्यस्थ इथंच बसलेत."

ते खरं होतं. मुआंकडून न्हिया तोंग, आणि खांगांकडून, येरच्या वेळेप्रमाणेच पाकूच्याही वेळी, वा चोंग.

"लिहायचं?" वा चोंग घुटमळले.

"पाच ओळी. घरचंच आहे."

तौ गेरने मांडीवर संगणक घेतला. तो आपल्या धंद्यात वाकबगार होता, आणि माणूस ज्यात वाकबगार असतो त्यातच तो सर्वांत खात्रीने फसतो. लग्न कुठे लागलं, कोणत्या तारखेला, मध्यस्थ कोण, चांदी किती, हे त्याने विचारून विचारून टिपलं. मग म्हणाला, "वय घालू. तेवीस होती ना? घालूच, नाहीतर उद्या म्हणेल, लहान होते, लग्नच खरं नव्हतं, मी अजून खांग. आणि मर्जीनं केलं हेही घालू. जबरदस्तीचं होतं म्हणाली तर पुन्हा आपल्याच गळ्यात."

"हुशार आहे पोरगा," न्हिया तोंग म्हणाले.

वरच्या मजल्यावरच्या यंत्रातून कागद निघाला. दोन्ही मध्यस्थांनी सह्या केल्या. टेबलावरच्या बाकी सगळ्यांनी साक्षीदार म्हणून. रीतीप्रमाणे प्रत्येकाने दोन-दोन पेले उभ्याने रिकामे केले आणि बोलणं मिटलं.

तौ गेर कागद घेऊन स्वयंपाकघरात आला. "ताई, राग धरू नकोस. राजकारण आहे."

पाकूने हात पुसले आणि कागद वाचला. मग पुन्हा वाचला. गेले कित्येक आठवडे ती दारोदार जाऊन जे मागत होती ते तिच्या हातात होतं. नावं, तारीख, वय, मर्जी, मध्यस्थांच्या सह्या, काहीच राहिलं नव्हतं. लिहिण्याने रीत मरते असं सांगणाऱ्या माणसाने, लिहून द्या म्हणणाऱ्या कायद्याला हरवायला, त्याच पाच ओळी लिहून दिल्या होत्या. ज्ञानकोशातून शोधूनही याहून शुद्ध मूर्खपणा मिळाला नसता.

"मला एक प्रत मिळेल?" तिने विचारलं.

"शंभर काढतोय. हवी तेवढी घे."

काकू पाकूच्या खांद्यावरून कागद पाहत होती. "माझाही असा करून देतील का?" ती सहज म्हणाली, आणि मिरच्या कुटायला वळली.

मेळावा एका शाळेच्या सभागृहात होता. प्रत्येक खुर्चीवर पाकूच्या लग्नाचा कागद ठेवलेला होता, आणि लोक तो आपापल्या स्वभावानुसार वाचत होते: म्हातारे गंभीरपणे, गोरे प्रतिनिधी अशा संकोचाने की जणू कोणाच्या न्हाणीघराचं दार चुकून उघडलं. मेरेडिथ धावत आली.

"हे भयंकर आहे. तुमच्या खासगी आयुष्यावर असा हल्ला. आम्ही निषेधाचं पत्रक काढू का?"

"नको. मी हेच वाचून दाखवणार आहे."

"नदी नाही?"

"नदी नाही."

आधी तौ गेर बोलला. तो कॅलिफोर्नियात, फ्रेझ्नोला जन्मला होता, पण त्याने नदी ओलांडली. रात्र, गोळीबार, पाठीला बांधलेलं मूल, सगळं दोन वाक्यांत बसवलं आणि ते मूल नेमकं कोण हे विचारण्याइतकं निर्दय सभागृहात कोणी नव्हतं. मेरेडिथच्या डोळ्यांत पाणी आलं.

पाकू उभी राहिली. "तुमच्या खुर्चीवर जो कागद आहे तो माझ्या विरोधात वाटलेला आहे," ती म्हणाली. "मी तो वाचते." आणि तिने तो वाचला, आधी ह्मोंगमध्ये, मग इंग्रजीत, सहीच्या नावांसकट. "माझा पहिला कायदा हाच होता. वडीलधारी माणसं म्हणत होती, आपल्यात असं लिहीत नाहीत. त्यांनी लिहिलं. वय लिहिलं, मर्जी लिहिली. वा चोंगकाकांच्या गॅरेजात एकमतानं संमत झालं. मी त्यांची आभारी आहे. माझं मागणं एवढंच आहे की जे मला हरवायला करून दिलं, ते बाकीच्या बायकांना जगायला करून द्यावं."

मागच्या रांगांतून बायकांच्या हसण्याची एक लाट आली. पुढच्या रांगेत वा चोंग बसलेले होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पण त्यांनी आपल्या खुर्चीवरचा कागद घडी करून खिशात घातला.

मतं मोजली गेली. पाकू हरली. ह्मोंग प्रतिनिधींतल्या पुरुषांनी ठरल्याप्रमाणे मत दिलं; ज्यांनी चोरून तसं दिलं नाही, त्यांनीही नंतर दिलंच असं सांगितलं. गोऱ्या प्रतिनिधींचं असं झालं की एका समाजाच्या अंतर्गत बाबीत आपण पडू नये, म्हणून त्यांनी त्या समाजाच्या पुढाऱ्यांच्या बाजूने मत दिलं. मध्ये न पडण्याचा हा प्रकार जगात फार जुना आहे आणि त्यात पडणारी व्यक्ती नेहमी तिसरीच असते.

"फार प्रभावी होतं," मेरेडिथ म्हणाली आणि तिने पाकूला मिठी मारली. "फक्त लग्न हा शब्द आला की लोक अस्वस्थ होतात. पुढच्या वेळी कुटुंबकल्याण म्हणूया."

घरी जाताना चू गाडी चालवत होता. मागच्या बाकावर येर होती. फेलन तळ्याजवळच्या वळणावर ती म्हणाली, "पाकू, काकांनी सही केली ना?"

"केली."

"त्यांच्या स्वतःच्या हातानं?"

"दोन पेनं लागली. पहिलं उमटत नव्हतं."

"मग उद्या मला त्यांच्याकडे ने."

दुसऱ्या दिवशी वा चोंगच्या गॅरेजचं दार वर गुंडाळलेलं होतं. ते एका बुटक्या स्टुलावर बसून भाजीच्या मळ्यासाठी काकडीचं आणि मिरचीचं बी निवडत होते. दोघी बहिणींना पाहून ते उठले नाहीत, पण त्यांनी बसायला खुर्च्या दाखवल्या. टेबल अजून तिथेच होतं. येर टेबलाशी बसली.

"हरल्याबद्दल वाईट वाटलं," ते पाकूला म्हणाले. हे बोलताना त्यांना खरोखरच वाईट वाटत असावं. माणसं आपल्याच हातांनी केलेल्या गोष्टींबद्दल नेहमी मनापासून हळहळतात.

"मी त्यासाठी नाही आले, काका. ताई आलीय. मी गाडी चालवून आणलं फक्त."

"माझ्या लग्नाचा कागद द्या," येर म्हणाली.

"तुला सांगितलंय मी दोनदा."

"तेव्हा तुम्ही लिहीत नव्हतात. आता लिहिता."

"ते वेगळं होतं. ते निवडणुकीचं काम होतं."

"आपल्या अठराही कुळांनी बसून लग्नाची चांदी एकच का ठरवली, काका?" येरने विचारलं. तिचा आवाज नेहमीसारखा होता, घडी घालताना असतो तसा. "तुम्हीच सांगायचात पंगतीत. एका मुलीला एक आणि दुसरीला दुसरं झालं की भांडणं होतात म्हणून. एकीला दिलं ते सगळ्यांना. पाकू आणि मी एका आईच्या आहोत. छत्री दोघींची तुम्ही बांधलीत."

वा चोंगनी बियांची परात बाजूला सारली. हा युक्तिवाद त्यांचाच होता. कायद्याला ते भीत नव्हते. कायदा शहराच्या मध्यभागी संगमरवरी इमारतीत राहत असे आणि इकडे क्वचित येई. पण चांदीच्या दराबद्दल खोटं पडणं, एकीला देऊन तिच्या बहिणीला नाकारणारा मध्यस्थ ठरणं, म्हणजे यापुढे कोणत्याही टेबलावर त्यांच्या शब्दापुढे कोणी पेला उचलणार नव्हतं.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. काकू पायरीवर उभी होती. "बाहेर रस्त्यावर दोन गाड्या थांबल्यात," ती म्हणाली. "बायका आहेत आत. विचारतायत, तुम्ही मोकळे कधी होणार."

"कोणाच्या बायका?"

"आता कोणाच्याच नाहीत. म्हणूनच आल्यात."

वा चोंगनी एक उसासा सोडला आणि कागद मागवला. तौ गेरच्या मजकुराची प्रत त्यांच्याकडे होतीच. तिच्यावरून त्यांनी पुढचा मजकूर हाताने उतरवायला घेतला. त्यांचं अक्षर मोठं आणि सावकाश होतं. येरचं नाव लिहिलं, तिच्या नवऱ्याचं लिहिलं, वारलेल्या मध्यस्थाचं लिहिलं, चांदी लिहिली. साल आठवायला त्यांना काकूला विचारावं लागलं. तिने क्षणाचाही विचार न करता ते सांगितलं. मग पेन थांबलं.

"वय," ते म्हणाले.

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पुन्हा काढलं.

"अठरा लिहितो. सगळ्यांच्या सोयीचं होईल."

पाकूने येरकडे पाहिलं. वकिलाला वयाशी कर्तव्य नव्हतं; त्याला फक्त लग्न हवं होतं. अठरा हे कायद्याचं वय; त्याने घराचा वाटा अधिक सरळ मिळाला असता. गेले कित्येक आठवडे वय आणि मर्जी या ज्या दोन शब्दांसाठी ती पत्रकं छापत, दारं ठोठावत, सभागृहातून हरत आली होती, त्यांतला एक आता तिच्या बहिणीच्या हाती होता. तो बहिणीचाच होता. पाकू गप्प राहिली. हे तिला त्या निवडणुकीत सर्वांत जड गेलं.

"पंधरा," येर म्हणाली.

"पोरी, त्यानं तुझाच दावा—"

"पंधरा लिहा, काका. नववीत होते. तुम्ही छत्री बांधत होतात तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं, शाळेला किती दिवस सुट्टी टाकावी लागेल. तुम्ही तीन दिवस म्हणालात."

पायरीवरून काकू खाली उतरून टेबलापाशी आली आणि उभी राहिली. वा चोंगनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"आणि मर्जी?" ते म्हणाले. "तिथे काय लिहू?"

"तेव्हा तुम्ही विचारली होती का?"

"नाही."

"मग तेच लिहा. विचारली नाही."

"असं लिहिलं तर मी काय ठरतो, येर?"

"ते मला माहीत नाही," येर म्हणाली. "मला माझं ठरवून घ्यायचंय. तुम्ही लिहा."

वा चोंगनी आधी वय लिहिलं, मग दुसरी ओळ. सही करताना कागद सरकला, आणि काकूने तो एका बोटाने टेबलावर दाबून धरला.